२३० रुपयांचा प्लेअर आणि त्याच्या सोबतच्या वस्तू : प्रकल्प नोंदी

५ जून २०२३

आमच्या ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने आज श्राव्य पुस्तकांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. दृष्टी मंदावल्यामुळे ज्या ज्येष्ठ सभासदांचे वाचन सुटले आहे, त्यांना ध्वनिमुद्रित पुस्तके भरलेला लहान एमपीथ्री प्लेअर घरी न्यायला द्यायचा आणि ऐकून झाले की नेहमीच्या पुस्तकासारखाच तो परत करून दुसरा न्यायचा, अशी ही योजना आहे. एका सभासदाने आईच्या स्मरणार्थ त्यासाठी २४,००० रुपये दिले आहेत. ही रक्कम केवळ यंत्रे आणि त्यांच्या सामानावर खर्च करायची आहे. पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम सभासद विनामूल्य करीत आहेत.

मंडळापुढे मी ठेवलेला अंदाज असा होता : ३० प्लेअर, प्रत्येकी २३० रुपये, आणि ‘इतर साहित्य’ या सदराखाली प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे एकूण ९,९०० रुपये. प्लेअरची किंमत चौकशी करून लिहिली होती. इतर साहित्याचा आकडा मात्र चौकशी न करता धरला होता. अंधांसाठी खास बनवलेली डेझी यंत्रे आमच्या आवाक्याबाहेरची असल्याने साध्या, स्वस्त प्लेअरवरच हा प्रकल्प उभा करायचा आहे.

९ जून २०२३

पहिल्या एसटीने पुण्यात स्वारगेटला उतरून बुधवार पेठेत गेलो आणि पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपासची व तपकीर गल्लीतली सात दुकाने पाहिली. काडेपेटीएवढा, मागे चिमटा असलेला प्लेअर सगळीकडे २२० ते २५० रुपयांना मिळतो. त्याला स्वतःची मेमरी नसते. कार्ड घातल्याशिवाय तो काहीच वाजवत नाही. खोक्यात एक इअरफोन आणि एक केबल असते, परंतु दोन्ही वस्तू नावापुरत्याच असतात. केबल वीतभरही लांब नाही, त्यामुळे भिंतीवरच्या बोर्डात चार्जर लावला की प्लेअर अधांतरी लोंबकळतो आणि त्याचा सगळा भार पिनेवर येतो. इअरफोनचा आवाज इतका कर्कश आहे की तासभर पुस्तक ऐकणे कोणालाही शक्य होणार नाही, मग ज्यांची श्रवणशक्तीही उतरली आहे त्यांची गोष्टच सोडा.

एका दुकानदाराने मोकळेपणाने सांगितले, “साहेब, ह्या डबीवर आम्हाला दहा रुपयेसुद्धा सुटत नाहीत. गिऱ्हाईक डबीसाठी दुकानात येतं, पैसे सुटतात ते कार्ड आणि हेडफोनवर.” त्याचे हे म्हणणे मी जागेवरच वहीत उतरवून घेतले आणि त्याच्यापुढेच एका संचाचा पूर्ण हिशेब मांडला. प्लेअर २३० रुपये, १६ जीबीचे नामांकित कंपनीचे कार्ड २९० रुपये, बरा इअरफोन १५० रुपये, चार्जर १६० रुपये, हातभर लांब जादा केबल ४५ रुपये आणि गळ्यात अडकवायची पिशवी ३५ रुपये. बेरीज ९१० रुपये झाली. म्हणजे प्लेअर हा पूर्ण खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा आहे आणि सोबतच्या वस्तूंना त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे पडतात.

या सर्व किमती बिलासह आहेत. बिलाशिवाय घेतल्यास प्रत्येक वस्तू दहा-वीस रुपयांनी स्वस्त मिळते. मूळ १२७ रुपयांच्या इअरफोनवर १८ टक्के जीएसटी चढला की तो १५० रुपयांना पडतो. परंतु पावतीशिवायचा खर्च आमच्या लेखापरीक्षणात मान्य होत नाही आणि दात्याच्या पैशाच्या बाबतीत तसे करणे मला स्वतःलाही पटत नाही. ६० रुपयांचा चार्जरही दाखवण्यात आला, पण त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह नव्हते. आयएस १३२५२ हा मानक क्रमांक आणि आर-अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला चार्जर १६० रुपयांना पडला. तो रात्रभर एखाद्या आजींच्या उशाशी चालू राहणार आहे, त्यामुळे येथे शंभर रुपये वाचवायचे नाहीत, असे ठरवले.

तीसऐवजी चाचणीपुरते सहाच संच घेतले. खर्च ५,४६० रुपये झाला. तीस संचांसाठी धरलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक रक्कम या सहा संचांतच संपली. त्याखेरीज एका लहान विक्रेत्याकडून ६४ जीबीची दोन कार्डे प्रत्येकी १८० रुपयांना चाचणीसाठी घेतली आहेत.

१७ जून २०२३

कार्ड किती मोठे लागते याचा आज हिशेब केला, कारण संचात सर्वांत महाग वस्तू तीच आहे. आपले ध्वनिमुद्रण केवळ बोलण्याचे आहे, संगीताचे नाही. त्यामुळे एकाच वाहिनीवर (मोनो), सेकंदाला ६४ किलोबिट या दराने ते पुरेसे स्वच्छ ऐकू येते. या दराने एका सेकंदाला ८ किलोबाइट आणि एका तासाला २८.८ मेगाबाइट जागा लागते. आजपर्यंत ११ पुस्तके तयार आहेत. ती सर्व लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटून प्रताधिकाराची मुदत संपलेली आहेत आणि त्यांचा एकूण कालावधी ८६ तासांचा आहे. म्हणजे संपूर्ण श्राव्य संग्रहाला अडीच जीबीच्या आतच जागा पुरते आणि ४ जीबीच्या कार्डावरही तो आरामात मावतो.

अडचण अशी की ४ जीबीचे नामांकित कंपनीचे नवे कार्ड आता दुकानात मिळत नाही. जे मिळते ते १६ जीबीपासून पुढे आणि १६ व ३२ जीबीच्या किमतीत केवळ ५० रुपयांचा फरक आहे. जी जागा आपण कधीही वापरणार नाही, तिचेच पैसे प्रत्येक संचामागे भरावे लागत आहेत. हा मुद्दा पुढे पुन्हा पाहायचा आहे.

२१ जून २०२३

१८० रुपयांची दोन्ही कार्डे बनावट निघाली. प्रथम प्लेअरने ती ओळखलीच नाहीत. याचे कारण असे की ३२ जीबीच्या वरची कार्डे एक्सफॅट या पद्धतीने आखलेली (फॉरमॅट केलेली) येतात आणि स्वस्त प्लेअरला केवळ फॅट-३२ पद्धत वाचता येते. विंडोजमधल्या नेहमीच्या खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डासाठी फॅट-३२ हा पर्याय दिसतच नाही, म्हणून वेगळ्या साधनाने ती पुन्हा आखून घेतली. त्यानंतर एफथ्री या मोफत प्रणालीने तपासणी केली. ही प्रणाली कार्ड काठोकाठ भरते आणि लिहिलेले सगळे परत वाचून ताडून पाहते. पहिले सुमारे ७ जीबी बरोबर वाचले गेले आणि त्यापुढचे काहीही परत मिळाले नाही. कार्डातला नियंत्रक संगणकाला ६४ जीबी असल्याचे सांगतो. प्रत्यक्षात आतली चिप ८ जीबीची आहे.

आपल्याला अडीच जीबीच हवे असल्याने ही कार्डे तरीही चालतील, असा युक्तिवाद एका सदस्याने केला. मी तो मान्य केला नाही. ज्याने क्षमतेबाबत खोटे छापले, त्याने आतली चिप तरी चांगल्या प्रतीची घातली असेल असे मानायला कोणताच आधार नाही आणि मध्येच बंद पडलेले पुस्तक पुन्हा सुरू करणे हे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फार त्रासाचे असते. विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला. ३६० रुपये नुकसान म्हणून जमाखर्चात दाखवले आहेत.

३ जुलै २०२३

सहा वाचकांना संच दिले. त्यांत चार आजी, एक निवृत्त तलाठी काका आणि मधुमेहामुळे दृष्टी गेलेल्या एक बाई आहेत. प्रत्येकाला बटणे हाताने चाचपून दाखवली.

१९ जुलै २०२३

तलाठीकाकांचा निरोप आला की प्लेअरवर गाणी वाजतात, परंतु पुस्तक वाजत नाही. प्रथम हे मला समजेना, कारण कार्डावर आम्ही गाणी भरलेलीच नव्हती. घरी गेल्यावर कळले की त्यांच्या नातीने दोन भजने कार्डात घातली होती आणि आमचा इअरफोन बिघडल्यामुळे आपल्या मोबाइलचा इअरफोन आजोबांना दिला होता. तो कानाला लावून पाहिला. भजनाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा पोकळ येत होता, गायकाचा आवाज जवळजवळ नव्हता आणि पुस्तक लावल्यावर संपूर्ण शांतता होती. मोबाइलच्या इअरफोनवरचे फोन उचलण्याचे बटण दाबून धरले, की पुस्तक लगेच ऐकू येई. बोट काढले, की बंद होई.

याचा उलगडा पिनेत झाला. साध्या इअरफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, म्हणजे तिचे तीन भाग पडतात : डावा कान, उजवा कान आणि दोघांची सामाईक परतीची तार. मोबाइलच्या इअरफोनला माइक असल्याने त्याच्या पिनेवर तीन रेघा आणि चार भाग असतात. या प्लेअरच्या भोकातला परतीचा स्पर्श नेमका माइकच्या भागावर टेकत होता, त्यामुळे परतीची वाट तुटली आणि दोन्ही कान एकमेकांना जोडले गेले. अशा स्थितीत डाव्या आणि उजव्या आवाजात जेवढा फरक असेल तेवढाच ऐकू येतो. गाण्यात तो थोडा तरी असतो. आमचे पुस्तक एकाच वाहिनीवर मुद्रित केलेले असल्याने दोन्हीकडे आवाज तंतोतंत सारखा, म्हणून फरक शून्य आणि आवाजही शून्य. बटण दाबले की माइकची तार परतीच्या तारेला जोडली जाते आणि वाट पुन्हा पूर्ण होते.

प्रत्येक घरात मोबाइलचे इअरफोन पडलेले असतात, तेच वापरून संचामागे १५० रुपये वाचवता येतील, अशी माझी आशा होती. ती या प्लेअरपुरती तरी सोडून द्यावी लागेल. पिशवीत घालायच्या सूचनापत्रावर “दोन रेघांच्या पिनेचाच इअरफोन लावावा” असे घरच्या माणसांसाठी मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.

११ ऑगस्ट २०२३

या महिन्यात दोन केबली मोडल्या. प्लेअरला मिनी यूएसबी पद्धतीची पिन लागते, तिची एक बाजू रुंद आणि एक अरुंद असते. ज्यांना दिसत नाही ते ती हाताने चाचपडत लावतात आणि उलटी लागली, तरी जोर देऊन आत सारतात. गुरवआळीतल्या आजी मला म्हणाल्या, “अरे, मला वाटलं पावसानं दमटून घट्ट झालीय, म्हणून जरा दाबली.” चूक त्यांची नाही. यंत्रावर कोणतीही खूण नसताना सुलटे आणि उलटे त्यांनी कसे ओळखावे?

त्यावर उपाय म्हणून पिनेच्या रुंद बाजूवर आणि प्लेअरच्या त्याच अंगाला एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक ठिपका लावला. दोन ठिपके बोटाखाली एका रेषेत आले की पिन सरळ आहे. आजींनी आज सहा वेळा लावून पाहिली आणि सहाही वेळा ती बरोबर बसली.

मिनी पिनेची केबल आता कोणाच्याही घरात उरलेली नाही, हीसुद्धा एक खरी अडचण आहे. तालुक्याच्या गावी ती एकाच दुकानात मिळाली. घरोघरी असतात त्या ‘जुनी पिन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मायक्रो यूएसबीच्या आणि अलीकडच्या सी टाइपच्या केबली. बाजारात जुन्या होत चाललेल्या जोडणीचा प्लेअर स्वस्त मिळतो, पण त्याच जोडणीमुळे पुढे त्याची प्रत्येक केबल वेगळी शोधून विकत आणावी लागते.

३० ऑगस्ट २०२३

एका सभासदाच्या अमेरिकेतल्या मुलाने आपला जुना आयपॉड शफल प्रकल्पाला भेट दिला. तो २००९ साली आलेला तिसऱ्या पिढीचा आहे. वस्तू सुरेख आहे आणि अजून चालते. परंतु तिच्यासोबत ना इअरफोन आला, ना केबल. या पिढीत यंत्रावर गाणे थांबवण्याचे, पुढे नेण्याचे किंवा आवाज कमी-जास्त करण्याचे बटणच ठेवलेले नव्हते. केवळ तीन जागांचा एक सरकता खटका होता आणि बाकीची सगळी बटणे इअरफोनच्या वायरवर होती. साधा इअरफोन लावला की तो वाजू लागतो, पण मग त्याच्यावर आपला कोणताही ताबा राहत नाही. तेव्हा प्लेअरची किंमत ७९ डॉलर होती आणि कंपनीचा तसा इअरफोन वेगळा घेतल्यास २९ डॉलर पडत. पुढच्याच वर्षी, २०१० च्या चौथ्या पिढीत, कंपनीने बटणे पुन्हा यंत्रावर आणली.

याचे चार्जिंगही इअरफोनच्याच भोकातून होते आणि त्यासाठी खास केबल लागते. आपल्याकडचे काही स्वस्त प्लेअरही हीच रचना उचलतात. मात्र त्यांच्या आतल्या तारांची जोडणी एकसारखी नसते, त्यामुळे एकाची केबल दुसऱ्याला चालेलच असे नाही. शिवाय इअरफोन आणि केबल यांची रोजची ये-जा एकाच भोकातून होऊन ते लवकर सैल पडते. अशा रचनेचा प्लेअर यापुढे कितीही स्वस्त मिळाला, तरी घ्यायचा नाही. शफल कपाटात ठेवला आहे.

२५ सप्टेंबर २०२३

आजपर्यंत पाच इअरफोन परत आले. सगळ्यांची तक्रार एकच : “एकच कान वाजतो.” आज दुपारी वाचनालयाच्या टेबलावर एकेक उघडून पाहिला. पाचपैकी चार अगदी एकाच जागी, पिनेच्या मानेपाशी तुटलेले होते. तेथले रबर ब्लेडने उभे चिरले की आत केसासारख्या बारीक तारा दिसतात. एक लाल, एक हिरवी आणि दोन तांब्याच्या रंगाच्या, आणि प्रत्येकीत बळकटीसाठी रेशमासारखा धागा पिळलेला असतो. रंग म्हणजे त्या तारांवरचा लाखेसारखा थर आहे. तो खरवडून निघत नाही. खरवडायला गेले की तारच तुटते. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथिल घेऊन तार त्यात काही क्षण बुडवली की थर जळून जातो आणि कथिल धरते. हे मला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने शिकवले आणि पहिला इअरफोन त्याने स्वतः जोडून दाखवला. उरलेले तीन मी जोडले.

नवी पिन १५ रुपयांना मिळते, म्हणजे १५० रुपयांची वस्तू १५ रुपयांत पुन्हा उभी राहिली. पाचवा इअरफोन कानाच्या बोंडाशी तुटला आहे, तो दुरुस्त होण्यासारखा नाही. मान पुन्हा तुटू नये म्हणून पिनेपासून चार बोटांवर वायरचा सैल वेढा घेऊन तो पिशवीच्या नाडीला बांधायचा, म्हणजे ओढ पडली तर ती नाडीवर पडेल.

येथे हिशेबाचे सदरही बदलावे लागेल. कानात घालायची वस्तू एका वाचकाकडून दुसऱ्याकडे तशीच देता येत नाही. प्लेअर वाचनालयाचा राहील आणि इअरफोन त्या वाचकाचाच होईल. म्हणून इअरफोनचा खर्च संचांच्या संख्येवर न मांडता वाचकांच्या संख्येवर मांडायला हवा. दुरुस्त झालेले चार इअरफोन फोम बदलून आणि स्वच्छ करून राखीव ठेवले आहेत.

२५ ऑक्टोबर २०२३

काल दसरा झाला. आता घरोघरी दिवाळीची आवराआवर निघेल. हीच वेळ साधून वाचनालयाच्या फलकावर आवाहन लावले आहे : आवरताना ड्रॉवरच्या तळाशी सापडणारी जुनी मेमरी कार्डे आम्हाला द्यावीत. साधे बटणांचे मोबाइल बाजूला पडले, तशी त्यांतली २, ४ आणि ८ जीबीची कार्डे घरांतच राहून गेली आहेत. जे नवे कार्ड बाजारात मिळत नाही आणि ज्याच्या चौपट क्षमतेचे आपण पैसे भरतो, तेच लोकांच्या घरात विनावापर पडून आहे. कार्डावरचे फोटो देणाऱ्याने आधी स्वतः पाहून काढून घ्यावेत, त्यानंतर वाचनालयाच्या संगणकावर त्याच्यादेखत कार्ड पूर्ण पुसले जाईल, अशी अट घातली आहे.

३१ ऑक्टोबर २०२३

चाचणीचे चार महिने पुरे झाले. इअरफोन ५ बदलले, ७५० रुपये. केबली ३ आणल्या, १३५ रुपये. एक कार्ड काढता-घालताना हरवले (नखाएवढी वस्तू अंथरुणात पडली की दिसणाऱ्यालाही सापडत नाही), २९० रुपये. सोबतच्या वस्तूंवरचा वाढीव खर्च एकूण १,१७५ रुपये झाला. सुरुवातीचे ५,४६०, बनावट कार्डांचे ३६० आणि हे धरून ६,९९५ रुपये खर्च झाले असून १७,००५ रुपये शिल्लक आहेत.

सहापैकी दोन प्लेअर बंद पडले. दोन्हींची बॅटरी गेली. आतला पातळ सेल डाक देऊन पक्का केलेला असतो. दुरुस्तीवाल्याने सेलचे १२० आणि मजुरीचे १०० रुपये सांगितले; नवा प्लेअरच २३० ला येतो. एवढ्याशा सेलसाठी संपूर्ण यंत्र टाकून देणे मनाला पटत नाही.

सहा चार्जरांविषयी विचारले, तर पाच घरांत ते पिशवीतून बाहेरही काढलेले नव्हते. प्रत्येक घरात मोबाइलचा चार्जर आहे आणि तोच सर्वांनी वापरला. जलद चार्जिंगचा चार्जरही, समोरच्या यंत्राने अधिक विद्युतदाब मागितल्याशिवाय, ५ व्होल्टच देतो, त्यामुळे त्यात काही धोका नव्हता. चार्जरांवरचे ९६० रुपये टाळता आले असते.

५ नोव्हेंबर २०२३

बंद पडलेला प्लेअर परत घ्यायला गेलो असताना आजींच्या शेजारच्या घरात एक भजनाचा रेडिओ वाजत होता. हातात मावणारा, पुढे स्पीकर, खाली कार्डाची खाच आणि आकड्यांची मोठी बटणे असलेला. मागचे झाकण उघडले तर आत बीएल-५सी बॅटरी, म्हणजे २००३ साली आलेल्या नोकिया ११०० मोबाइलमधली तीच ३.७ व्होल्टची चपटी बॅटरी. ही बॅटरी आज आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळते आणि ती बदलायला ना डाक लागतो, ना कारागीर. चार्जिंगला ‘जुनी पिन’ लागते आणि तशी केबल खोक्यातच येते.

पुण्यात फोनवर चौकशी केली. बॅटरीसह किंमत ६२० रुपये. पाच महिन्यांपूर्वी मी हा रेडिओ महाग म्हणून पाहिलाही नसता.

२० नोव्हेंबर २०२३

एक रेडिओ-प्लेअर नमुना म्हणून दुकानदाराने आठ दिवसांच्या बोलीवर दिला आणि त्यावर दोन बॅटऱ्यांची चाचणी घेतली. आवाजाचा खटका एकाच जागी ठेवून, तेच पुस्तक लावून, बंद पडेपर्यंत वेळ मोजला. ६० रुपयांची बॅटरी चार तासांत संपली आणि ११० रुपयांची साडेनऊ तास चालली, दोन्हींवर छापलेली क्षमता मात्र एकच होती. दुसरीवर आयएस १६०४६ हे मानक आणि नोंदणी क्रमांक आहे. तो मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकून पडताळला आणि जुळला. तासांच्या हिशेबाने पाहिले तरी महाग बॅटरीच स्वस्त पडते.

या बॅटरीच्या बाबतीत सावध राहायला एक जुना आधारही आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, अशी सूचना काढून त्या बदलून देण्याची तयारी दाखवली होती. नामांकित कंपनीच्या बॅटरीत जे घडू शकते, ते निनावी बॅटरीत अधिक सहज घडू शकते. म्हणून बॅटरी फुगली आहे का, हे झाकणावरून बोट फिरवून दर महिन्याला कसे पाहायचे, ते प्रत्येक वाचकाला शिकवायचे आहे.

२ डिसेंबर २०२३

आवाहनाला २३ कार्डे आली. एफथ्रीच्या तपासणीत १२ टिकली. उरलेल्यांपैकी सहा २ जीबीची असल्याने अपुरी पडली आणि पाचांत वाचनदोष निघाले. बंद पडलेल्या दोन प्लेअरमधली २ कार्डे धरून १४ झाली. पिशव्या सभासद भगिनींनी जुन्या साड्यांच्या काठांतून शिवून दिल्या. काठ जाड असल्याने नाडीची जागा बोटांना लगेच कळते.

८ डिसेंबर २०२३

मंडळाच्या संमतीने मागणी नोंदवली. १८ रेडिओ-प्लेअर ११,१६० रुपये. दोन संचांमागे एक याप्रमाणे ९ जादा बॅटऱ्या ९९० रुपये. उणी पडलेली ४ कार्डे १,१६० रुपये. एकत्र खोलीत राहणाऱ्या किंवा रात्री ऐकणाऱ्या १२ वाचकांना इअरफोन हवे आहेत. ४ दुरुस्त केलेले आहेत, म्हणून ८ नवे, १,२०० रुपये. इअरफोनच्या पिना, फोम आणि एम-सील २१५ रुपये. चार्जर एकही नाही. एकूण १४,७२५ रुपये.

एका संचाला ८१८ रुपये पडले. जूनमध्ये तो ९१० रुपयांना पडला होता आणि त्यातला प्लेअर २३० रुपयांचा होता. आता प्लेअर ६२० रुपयांचा आहे आणि सोबतच्या वस्तू सरासरी १९८ रुपयांच्या. तीस संचांचे स्वप्न होते, जुने चार धरून बावीसच झाले, याची मला रुखरुख आहे आणि ती मंडळापुढे मी बोलून दाखवली. परंतु या बावीस संचांतली जवळजवळ कोणतीही मोडणारी वस्तू आपल्या गावात मिळते किंवा आपल्याला दुरुस्त करता येते. उरलेले २,२८० रुपये दुरुस्तीसाठी राखून ठेवले आहेत.

१७ डिसेंबर २०२३

संच वाटले. सर्व नव्या प्लेअरच्या मायक्रो पिनेवर आणि तिच्या जागेवर ठिपके लावले आहेत. इअरफोनचे भोक या प्लेअरमध्ये मोबाइलच्या पिनेलाही चालते. तीन रेघांची पिन लावून पुस्तक स्वच्छ ऐकू आले. सूचनापत्रातले ते वाक्य केवळ जुन्या चार संचांपुरते ठेवले.

९ जानेवारी २०२४

संच क्रमांक ११ : झाकण वर आल्याचे बाईंच्या बोटांना जाणवले, म्हणून त्यांनी प्लेअर बंद करून मुलाबरोबर पाठवला. बॅटरी फुगलेली होती. ती ई-कचऱ्याच्या डब्यात वेगळी ठेवली, राखीव ९ पैकी एक बसवली आणि पाच मिनिटांत संच परत दिला. पुस्तक जेथे थांबले होते तो फाइल क्रमांक बाईंनी पाठ करून ठेवला होता : ४७. आकड्यांची बटणे दाबून मुलाने तो तेथेच, टेबलापाशी, लावून पाहिला. दुरुस्ती निधीतून खर्च : शून्य. शिल्लक : २,२८० रुपये.